दोन गुडघे, एकच पेशंट: ऑपरेशनआधीची भीती नंतरच्या दुखण्यात कशी उतरते

मी घरी जाऊन फिजिओथेरपी देते, सांगली-मिरज-तासगाव या पट्ट्यात. यातल्या पेशंट ओळखू येऊ नयेत म्हणून वय, नाती वगैरे थोडं इकडंतिकडं केलंय, बाकी केस आहे तशीच लिहितेय. लिहावीशी वाटली कारण असं जमून येणं दुर्मिळ असतं. एकाच बाईचे दोन गुडघे, एकच सर्जन, एकच हॉस्पिटल, मध्ये साधारण वर्षाचं अंतर, आणि पहिल्या वेळी काकू जीव मुठीत धरून आत गेल्या तर दुसऱ्या वेळी बऱ्यापैकी शुद्धीत, म्हणजे पुढे काय होणार हे माहीत असताना.

काकूंची साठी उलटलेली. घरची द्राक्षबाग, आयुष्यभर उकिडवं बसून काम, दोन्ही गुडघे झिजून पाय बाहेरून बाकलेले. बीपीची गोळी चालू, शुगर नाही. सर्जननी दोन्ही गुडघे बदलायला सांगितले, आधी उजवा. तारीख मुलाने ठरवली, द्राक्षाचा सीझन उरकल्यावर, म्हणजे घरात माणसं मोकळी असतील. काकूंना विचारलं का, तर विचारलं असं नाही म्हणता येणार, सांगितलं. आपल्याकडे हे असंच चालतं, फॉर्मवर सही मुलाची, डॉक्टरशी बोलणं मुलाचं, आणि ज्याचा गुडघा कापायचा त्याला "आई, साधं ऑपरेशन आहे, तू कशाला डोक्याला ताप करून घेतेस."

आता यांच्या डोक्यात काय होतं ते बघा. भावकीतल्या एकीचा गुडघा बदलल्यावर आत पू झाला होता आणि परत उघडायला लागला होता, ती गोष्ट गल्लीत प्रत्येकाने आपापली भर घालून सांगितलेली. नातवाच्या मोबाईलवर कुणीतरी गुडघ्याच्या ऑपरेशनचा व्हिडिओ पाठवलेला, त्यात हातोडी, करवत, सगळं. आणि तिसरी एक गोष्ट होती, ती मला खूप उशिरा कळली, पुढे येईलच.

ॲडमिट झाल्या त्या रात्री डोळ्याला डोळा नाही. सकाळी बीपी १९० वर ११०. भूलतज्ज्ञांनी केस घेतली नाही, बरोबरच केलं त्यांनी. पण झालं काय, की उपाशीपोटी तयार होऊन बसलेली बाई परत वॉर्डात आली आणि तिला कुणी धड सांगितलंच नाही की का आणली, तिने अर्थ काढला की आपल्यात काहीतरी मोठं सापडलंय. दुसऱ्या दिवशी गोळ्या देऊन बीपी खाली आणून ऑपरेशन झालं.

गुडघा बदलताना आपल्याकडे बहुतेकदा कमरेतून स्पायनल देतात, पाठीत एक इंजेक्शन, कमरेखाली सगळं बधिर, पेशंट जागा किंवा अर्धवट गुंगीत. त्यात काही वाईट नाही, चांगली पद्धत आहे. पण कान चालू असतात. हाडाचा झिजलेला भाग करवतीने कापतात आणि नवीन भाग ठोकून बसवतात, त्याचा आवाज येतो आणि टेबलही हादरतं. काकूंना हे कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांना वाटलं भूल उतरली, आता कळ येणार. तासभर त्या श्वास रोखून त्या कळेची वाट बघत पडल्या. कळ आली नाही, पण तासभर वाट तर बघितलीच ना.

रात्री स्पायनल उतरली आणि मग खरंच कळ आली. ही गुडघ्याची पहिली रात्र कुणालाच सोपी जात नाही, सलाईनमधून औषधं चालू असली तरी. पण काकूंना कुणी सांगितलं होतं, तर "गुडघा बदलला की दुखायचं थांबेल". त्यामुळे त्यांचा हिशोब सरळ होता, दुखतंय म्हणजे ऑपरेशन फसलं. सिस्टरना विचारलं तर उत्तर मिळालं, ऑपरेशन केलंय म्हटल्यावर दुखणारच. मुलगा म्हणाला घाबरू नको. दोन्ही वाक्यं खरी आहेत, पण दोन्हीतलं एकही कामाचं नाही.

मला बोलावलं तिसऱ्या आठवड्यात, टाके निघाल्यावर. तोवर गुडघ्याखाली उशी घेऊन पाय अर्धवट वाकलेल्या अवस्थेत ठेवून झोपायचं हे त्यांचं चालू होतं, बरं वाटतं म्हणून. हे सगळ्यात वाईट, कारण गुडघा तसाच आखडतो आणि मग सरळ होत नाही. मी बघितलं तेव्हा साठ-पासष्ट अंशांच्या पुढे वाकवू देत नव्हत्या, सरळ करताना पंधरा अंश कमी पडत होते. दुखणं दहापैकी किती विचारलं तर म्हणाल्या, "धा न्हाई, अकरा लिवा."

इथं एक गोष्ट ठासून सांगते. असा पेशंट बघितला की "मनाचं आहे, घाबरट आहेत" म्हणून मोकळं व्हायचं नसतं. आधी पोटरी दाबून बघायची, दुखरी आणि सुजलेली असेल तर रक्ताची गुठळी असू शकते. ताप आहे का, जखमेतून काही येतंय का, लाली वाढतेय का. सर्जनकडे परत पाठवलं, त्यांनी एक्स-रे आणि रक्ताचे रिपोर्ट केले, सांधा जागेवर, इन्फेक्शन नाही. हे सगळं निल आल्यावरच मी पुढचा विचार सुरू केला. वर सर्जन म्हणाले की सहाव्या-आठव्या आठवड्यापर्यंत नव्वद अंश आला नाही तर भूल देऊन वाकवावा लागेल. झालं, काकूंनी पुढचे दोन दिवस पायाला हातच लावू दिला नाही.

मग एका दुपारी गेले तर काकू पलंगाच्या कडेला बसून वाती वळत होत्या. समोर सून, विषय चाललेला कुणाच्यातरी लग्नातल्या आहेराचा. पाय खाली सोडलेला, आणि मी दारातूनच बघतेय की गुडघा निवांत ऐंशीच्या पुढे वाकलाय. मी काही बोलले नाही, चहा घेतला, आहेराच्या विषयात मीही दोन वाक्यं टाकली, मग गोनिओमीटर काढलं, म्हणजे कोन मोजायची पट्टी. पट्टी दिसली मात्र, मांडीचा स्नायू टणक झाला, पाय वर उचलला गेला, चेहरा आवळला, आणि आकडा परत पासष्ट. पाच मिनिटांत त्याच गुडघ्याचे वीस अंश गेले. सांध्यात काही अडकलं असतं तर वाती वळतानाही अडकलं असतं.

याला आम्ही गार्डिंग म्हणतो, दुखेल या अपेक्षेने स्नायू आधीच आवळून धरणं. आवळलेला स्नायू स्वतः दुखतो, शिवाय ताज्या जखमेला ओढतो, मग पेशंटला वाटतं बघा मी म्हटलं नव्हतं दुखतं म्हणून, आणि पुढच्या वेळी अजून आवळतो. म्हणजे दुखणं खोटं बिलकुल नव्हतं. ते भीतीनं रोज नव्यानं तयार होत होतं.

बाकीचं शरीरही यात सामील असतं. भीतीत ॲड्रेनालिन आणि कॉर्टिसॉल ही ताणाची हार्मोन्स वाढतात, झोप उडते, आणि झोप न झालेल्या माणसाला तीच जखम जास्त दुखते. मेंदूकडून मणक्यात खाली येणारे संदेश दुखण्याची वाट उघडू शकतात तशी बंदही करू शकतात, मेल्झॅक आणि वॉल यांनी १९६५ मध्ये मांडलेल्या गेट कंट्रोल थिअरीपासून हे शिकवतातच. जखम भरण्यावरसुद्धा ताणाचा परिणाम होतो. १९९५ मध्ये अमेरिकेत किकोल्ट-ग्लेझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकांचं वर्षानुवर्षं करणाऱ्या तेरा बायकांच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची छोटी जखम केली, आणि तेवढ्याच वयाच्या, असा ताण नसलेल्या तेरा जणींच्याही. पहिल्या गटाची जखम भरायला सरासरी नऊ दिवस जास्त लागले. घरात एकटीनंच सगळ्यांचं करणाऱ्या बायकांच्या जखमा रेंगाळतात तेव्हा मला हा अभ्यास आठवतो.

पण काकूंच्या बाबतीत मला खरी दिशा मिळाली ती १९६४ च्या एका जुन्या पेपरमुळे. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधले एग्बर्ट नावाचे भूलतज्ज्ञ आणि त्यांचे सहकारी. पोटाचं ऑपरेशन होणारे ९७ पेशंट घेतले. आदल्या रात्री भूलतज्ज्ञ सगळ्यांनाच भेटले, पण अर्ध्या जणांना नंतरच्या दुखण्याबद्दल काहीच सांगितलं नाही. उरलेल्यांना सांगितलं की कुठं दुखेल, किती दुखेल, किती दिवस, का दुखतं, तर टाक्यांखालचे स्नायू आवळले जातात म्हणून, आणि मग ते सैल कसे सोडायचे, श्वास कसा घ्यायचा, पोटाला ताण न देता कुशीवर कसं वळायचं. एवढं करूनही दुखलं तर औषध मागा, हेही सांगितलं. नंतर रोज भेटायलाही गेले. सर्जनना माहीत नव्हतं कोण कुठल्या गटात आहे. तर सांगितलेल्या गटाला पुढच्या दिवसांत मॉर्फिनसारखी औषधं साधारण निम्मी लागली आणि ते सरासरी २.७ दिवस आधी घरी गेले. औषध नवीन काही नाही. बोलणं, तेही नेमकं.

आता लगेच यावर उड्या मारू नका. तेव्हा लोक हॉस्पिटलात मुळातच खूप दिवस राहायचे, त्यामुळे कमी व्हायला दिवस तरी होते. २०१६ मध्ये कॉक्रेनने, म्हणजे वैद्यकीय अभ्यास गोळा करून तपासणाऱ्या संस्थेने, असे शंभराहून जास्त अभ्यास एकत्र करून बघितले तर मुक्काम सरासरी अर्ध्याच दिवसाने कमी होताना दिसला, आणि पुरावाही फार दणकट नाही असं त्यांनी स्वतःच लिहिलंय. तरी माझ्या कामाची गोष्ट मला मिळाली होती. स्नायू आवळणं हेच कारण, आणि ते पेशंटला समजावून सांगणं हाच इलाज.

तर काकूंना मी सुनेच्या मोबाईलवर काढलेला फोटो दाखवला, वाती वळतानाचा, सुनेनं गुपचूप काढला होता. "हा कुणाचा पाय?" बराच वेळ बघत बसल्या. मग त्यांचाच हात त्यांच्या मांडीवर ठेवून स्नायू टणक झालेला आणि सैल सोडलेला, दोन्ही दाखवलं. व्यायाम करताना श्वास सोडत वाकवायचं, टॉवेलची गुंडाळी टाचेखाली, गुडघ्याखाली नाही, उशी बंद. आठव्या आठवड्यात कसाबसा नव्वद आला आणि भूल देऊन वाकवणं टळलं.

त्याच दिवसांत एकदा त्या आपणहून बोलल्या, ती तिसरी गोष्ट. काकांचं हृदयाचं ऑपरेशन झालं होतं बऱ्याच वर्षांपूर्वी. "तवा बी समदी म्हनत हुती, साधं ऑपरेशन हाय. गेलं ते परत आलंच न्हाईत." म्हणजे मुलगा ज्या शब्दांनी धीर देत होता नेमके तेच शब्द या बाईच्या कानात मरणाची बातमी म्हणून बसलेले. जितक्या वेळा साधं म्हणाल तितकं बीपी वर. मुलाला हे सांगितलं तर तो गप्प झाला, त्याला आठवतच नव्हतं की तेव्हा असं कुणी म्हणालं होतं. मला तरी कुठं सुचलं असतं. म्हणून आता मी "भीती वाटते का" असं विचारत नाही, त्याला लोक नाहीच म्हणतात. मी विचारते, नक्की कशाची काळजी वाटते, आणि याआधी घरात कुणाचं ऑपरेशन झालंय. दुसऱ्या प्रश्नात सगळं निघतं.

पुढच्या वर्षी बाग मोकळी झाल्यावर डावा गुडघा. काकू स्वतः तयार झाल्या, पण अट घातली, आधी सगळं सांगा. घरातल्यांचा विरोध हाच की सांगितलं तर जास्त घाबरेल. हा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही, बरं का. बोस्टनमध्येच २०१० चा एक अभ्यास आहे, बाळंतपणासाठी पाठीत भूल घेणाऱ्या १४० बायकांचा. बधिर करायची सुई टोचताना अर्ध्या जणींना म्हटलं, आता मोठी मधमाशी चावल्यासारखं होईल, सगळ्यात वाईट भाग हाच. बाकीच्यांना म्हटलं, जागा बधिर करतोय, म्हणजे तुम्हाला आराम वाटेल. मधमाशीवाल्यांनी दुखणं जास्त सांगितलं. सुई तीच.

मग सांगायचं की नाही? मला असं वाटतं की एग्बर्ट आणि मधमाशी यात भांडण नाहीये. मधमाशीवाल्या वाक्यात नुसती धमकी आहे, दुखेल, संपलं, करण्यासारखं काही नाही. एग्बर्टच्या बोलण्यात प्रत्येक दुखण्याच्या शेजारी एक काम आहे. तेव्हा नियम केला की ज्यावर काकूंना काही करता येईल ते सांगायचं, आणि करण्यासारखं काही नसेल तर निदान ते कशाचं लक्षण नाही हे सांगायचं. पू झाल्याच्या कथा, व्हिडिओ, घरात बंद. सुनेनं कुणाकुणाला दारातूनच परत पाठवलं, त्याबद्दल तिला खरंतर वेगळी फी द्यायला पाहिजे.

नातीने कॅलेंडरच्या पाठीमागे मोठ्या अक्षरात लिहिलं. आदल्या रात्री झोप कमी लागली तरी चालतं. सकाळी बीपी वाढलं तर थांबवतील, त्याचा अर्थ बीपी वाढलं एवढाच. रात्री इंजेक्शनचा असर उतरेल तेव्हा दुखेल, असह्य व्हायची वाट न बघता सिस्टरना सांगायचं. पाऊल वरखाली करत राहायचं. दुसऱ्या दिवशी वॉकर घेऊन उभं करतील, पाय जड वाटेल, मोडणार नाही. सूज आणि गरमपणा कित्येक आठवडे राहतो. व्यायाम ऑपरेशनच्या आधीच शिकवले, कारण दुखत असताना नवीन काही शिकणं म्हणजे अवघडच.

भूलतज्ज्ञ मॅडम आदल्या संध्याकाळी येऊन खुर्ची ओढून बसल्या, उभ्या उभ्या नाही. काकूंचा एकच प्रश्न, मधेच भूल उतरली तर? त्या म्हणाल्या, "काकू, ठोकल्याचा आवाज येईल, टेबल हलेल. आवाज आला म्हणजे भूल उतरली असं नाही. तेव्हा पायाचा अंगठा हलवून बघा, हलणार नाही, ती खूण. आणि मी तुमच्या डोक्यापाशीच असते, नुसतं मॅडम म्हटलं तरी ऐकू येतं." काकूंनी ही अंगठ्याची खूण नंतर अख्ख्या गावाला सांगितली.

काही जण म्हणतील एवढं कशाला, रात्री एक झोपेची गोळी द्या. फ्रान्समध्ये हजाराहून जास्त पेशंटवर करून बघितलंय, २०१५ चा अभ्यास, ऑपरेशनआधी लोराझेपाम, म्हणजे भीती कमी करणारी, गुंगी आणणारी गोळी, दिलेल्यांचं समाधान काही वाढलं नाही, उलट नंतर शुद्धीवर यायला वेळ लागला. काही पेशंटला गोळी लागतेच, ते भूलतज्ज्ञ ठरवतील, पण बोलण्याचा वेळ वाचवायचा म्हणून गोळी हे काही पटत नाही.

या वेळी सकाळी बीपी १५० च्या आसपास, ऑपरेशन वेळेवर. रात्री दुखलंच, सातवर आकडा सांगितला, म्हणजे दुखणं गायब वगैरे झालं नाही. फरक असा की काकूंनी इंजेक्शन लवकर मागितलं आणि मग थोडं झोपल्या. सिस्टरना म्हणे कॅलेंडरचा कागद दाखवला, यात लिवलंय आता दुखणार म्हणून. दहाव्या-बाराव्या दिवशी मी मोजलं तर नव्वदला दोन-तीन अंश कमी, सरळ जवळजवळ पूर्ण. पहिल्या वेळी याला दोन महिने लागले होते.

आता यातलं किती श्रेय कुणाचं? प्रामाणिकपणे सांगायचं तर सुटं करून दाखवता येत नाही. दुसऱ्या वेळी मांडीत नस बधिर करायचं जादाचं इंजेक्शन दिलं होतं, पहिल्या वेळी नव्हतं. उजवा गुडघा जास्त बाकलेला होता. काकूंना एकदा अनुभव येऊन गेला होता. पण अनुभवाने आपोआप सोपं जातं असंही नाही, दोन वेळेला वेगवेगळे गुडघे बदलणाऱ्यांमध्ये दुसरा गुडघा जास्त दुखतो असं काही अभ्यासांत आलंय, त्यामुळे "सवय झाली" एवढ्यावर मी हे मिटवणार नाही. आणि भीती पूर्ण घालवायच्या मागे मीही लागले नव्हते. थोडी काळजी असलेला पेशंट प्रश्न विचारतो, व्यायाम करतो. अजिबात न घाबरणारे एक काका माझ्याकडे होते, चौथ्या दिवशी जिना चढून गच्चीवर गेले आणि आठवडाभर सूज घेऊन बसले.

आज डावा गुडघा एकशे पंधरापर्यंत वाकतो, उजवा शंभर-एकशे पाचच्या आसपास अडकलाय आणि थंडीत कुरकुरतो. उजव्याचे ते गेलेले अंश आता व्यायामाने परत येतील असं मला वाटत नाही, आणि हे मी घरच्यांना सांगितलंय. काकूंना मात्र भीतीबितीची ही सगळी थिअरी मान्य नाही. त्यांचं म्हणणं, पहिल्या वेळी मुलानं अमावस्येच्या तोंडावर ॲडमिट केलं, तिथंच घोळ झाला.